भिंतीपलीकडचं युरेनियम

सिलिंडर उघडायचा नाही, आतलं चिमूटभरही काढायचं नाही. तरी आतलं युरेनियम किती समृद्ध आहे, म्हणजे त्यात युरेनियम-235 किती टक्के आहे, ते सांगायचं, हे आमचं काम. निसर्गातल्या युरेनियममध्ये ते जेमतेम 0.72 टक्के. तारापूरच्या 1969 सालच्या दोन अणुभट्ट्यांना त्याहून जास्त लागतं. ते परदेशातून येई आणि 1971 च्या भारत, अमेरिका व आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या त्रिपक्षीय करारामुळे त्याचा चोख हिशेब द्यावा लागे.

युरेनियम-235 मधून 185.7 किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टचा गॅमा किरण निघतो. पण युरेनियम स्वतःच तो शोषून घेतं, म्हणून डिटेक्टरला फक्त वरची साय दिसते. थर पुरेसा जाड असला की खाली माल किती, याने फरक पडत नाही. डिटेक्टरने मोजलेले काउंट समृद्धीच्या प्रमाणात येतात.

खरी मेख पोलादी भिंतीत. जाडी एका मिलिमीटरने चुकली की उत्तर दहा-बारा टक्क्यांनी हलतं. म्हणून आधी अल्ट्रासॉनिक गेज भिंतीला लावायचा, रंगाचे पापुद्रे काढून, दोन-तीन जागी, मगच डिटेक्टर. पूर्ण भरलेल्या मोठ्या सिलिंडरमध्ये 2,277 किलो युरेनियम हेक्साफ्लोराइड मावतं. समृद्धी 4 टक्के धरली तर त्यात युरेनियम-235 साठ किलोच्या आसपास. असे दहा सिलिंडर त्याच चुकीच्या जाडीने मोजले, तर घोळ 75 किलोपर्यंत जातो. कमी समृद्ध युरेनियमच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय संस्था ज्याला ‘लक्षणीय प्रमाण’ मानते, ते नेमकं एवढंच.

ही रीत कुठे फसते, ते मला एका देवळात आठवतं. कुंभकोणमला गेलो की जवळचं दारासुरम चुकवत नाही. तिथल्या, बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधलेल्या ऐरावतेश्वर मंदिरात लोक दगडी रथाची चाकं पाहतात. माझं लक्ष ग्रॅनाइटकडे जातं. ग्रॅनाइटमध्ये थोडं युरेनियम असतंच, आणि त्याच्यापासून झालेलं रेडियमही. रेडियमचा गॅमा 186.2 चा. अर्ध्या किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टचा हा फरक जर्मेनियमच्या उत्तम डिटेक्टरलाही सुटा करता येत नाही. अशा दगडासमोर डिटेक्टर धरला, तर त्याच्या आलेखात 186 च्या आसपास जे शिखर दिसतं, त्यातला निम्म्याहून जास्त वाटा रेडियमचा. कारखान्यात शुद्ध केलेल्या युरेनियममधून रेडियम काढलेलं असतं, म्हणून आमची रीत तिथे चालते. यंत्र तेच, माल बदलला की आकडा खोटा.

बातमीत एखाद्या देशाच्या समृद्धीकरणाची टक्केवारी वाचाल, तेव्हा ती कशाने मोजली आणि तिच्यात चूक किती असू शकते, हे जरूर विचारा. त्याशिवाय त्या टक्केवारीवर विसंबू नका.