आठाचा आंकडा कोठें ठेवावा?

सोंग घेण्याची हौस मनुष्यास उपजतच असते. अंगणांत खेळणारें पोर काठीचा घोडा करून त्यावर स्वार होतें, तेव्हां त्यास कोणी नाट्यशास्त्र शिकविलेलें नसतें. परंतु सोंग कोणतें घ्यावें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. संस्कृत नाट्यशास्त्रकारांनीं नायकाचे चार साचे सांगितले आहेत: धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत व धीरशांत. श्रीरामचंद्र पहिल्या साच्याचा, वत्सराज उदयन दुसऱ्याचा, परशुराम तिसऱ्याचा व मृच्छकटिकांतील चारुदत्त चौथ्याचा. नाटकांत साचा कवि ठरवितो व नट तो अंगीकारतो. ज्या खेळाविषयीं मी येथें लिहिणार आहें, त्यांत मात्र साचा ज्याचा त्यानेंच निवडावयाचा असतो.

या खेळाचें नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत लेक जिनीव्हा नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील गॅरी गायगॅक्स व शेजारच्या मिनेसोटा राज्यांतील डेव्ह आर्नेसन या दोघांनीं तो रचिला आणि १९७४ सालीं तीन पुस्तिकांची पेटी म्हणून तो प्रसिद्ध झाला. पहिल्या छपाईच्या अवघ्या एक हजार प्रती होत्या. त्यापूर्वीं हे गृहस्थ चिमुकल्या सैनिकांच्या पलटणी मांडून लढाईचे खेळ खेळत. नव्या खेळांत त्यांनीं प्रत्येक खेळाडूच्या हातीं पलटणीऐवजीं एकच मनुष्य दिला. या एका बदलानें सारें पालटलें. कारण पलटणीचें काय होईल याची फारशी चिंता वाटत नाहीं, एका माणसाची मात्र वाटते. आरंभीं साचे तीनच होते: योद्धा, मांत्रिक व धर्मोपदेशक. पुढल्याच वर्षीं त्यांत चोराची भर पडली. आणि २०१४ सालच्या नियमावलींत त्यांची संख्या बारा झाली.

या खेळास पट लागतोच असें नाहीं. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग वर्णन करतो. बाकीचे आपापलें पात्र काय करतें तें सांगतात. आणि यश येईल कीं नाहीं याचा संशय असेल तेथें वीस पैलूंचा फांसा टाकतात. गेल्या दिवाळीच्या सुटींत माझ्या ताईनें हा खेळ आपल्या महाविद्यालयांतून घरीं आणिला व स्वतः सूत्रधार होऊन आम्हां चौघांना, म्हणजे माझे दोघे आतेभाऊ, एक मावसबहीण व मी यांना, समोर बसविलें.

प्रत्येक पात्राचे सहा गुण मोजतात: बल, चपळाई, काटकपणा, बुद्धि, विवेक व छाप. त्यांच्यासाठीं सहा आंकडे नेमलेले आहेत: १५, १४, १३, १२, १० व ८. प्रत्येक आंकडा एकदांच वापरावयाचा. सामान्य मनुष्याचा गुण दहा समजतात. पुढें एखाददुसरा गुण वाढतो, परंतु आठाचा उणेपणा बहुधा राहतोच. पंधरा कोठें घालावा, याविषयीं आम्हां सर्वांचा निश्चय क्षणांत झाला. वेळ लागला तो आठासाठीं. ताई म्हणाली, "पंधरा पाहून तुमचें पात्र कोणाला कामास येईल तें कळतें, आठ पाहून त्याला कोणाची गरज लागेल तें कळतें."

थोरला आतेभाऊ तालमींत जाणारा. त्यानें योद्धा घेतला आणि हंसत हंसत आठ बुद्धींत घातला. धाकट्यास चोर हवा होता. धर्मोपदेशकाचें काम जखमा बऱ्या करण्याचें. तें कोणासच नको होतें, म्हणून मावसबहिणीनें तें आपण होऊन घेतलें. माझ्याविषयीं सर्वांची अटकळ अशी, कीं मी मांत्रिक होऊन पोथींत डोकें खुपसून बसेन. त्याचें कारण होतें. माझी जीभ लहानपणापासून अडखळते. हजेरीच्या वेळीं 'हजर' हा तीन अक्षरांचा शब्द उच्चारणें हीच माझी रोजची परीक्षा. परंतु मीं शाहीर घेतला, पंधरा छापेंत घातला व आठ बळांत. एका सुटीपुरता तरी, ज्याच्या शब्दासाठीं लोक थांबतात असा मनुष्य होऊन पाहावें, एवढीच माझी इच्छा होती.

येथें एक अडचण उभी राहते. योद्ध्याचें बळ कागदावर असलें म्हणजे पुरतें. खेळणारास स्वतः दार फोडून दाखवावें लागत नाहीं. शाहिराचें वक्तृत्व मात्र कोणाच्या तरी तोंडून यावयास हवें. पहिल्याच दिवशीं वेशीवरच्या पहारेकऱ्यानें आम्हांस अडविलें आणि चौघांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. ताई शांतपणें म्हणाली, "शाहीर बोलतो तसें बोल, किंवा तो काय सांगतो एवढेंच तूं सांग. दोन्ही चालतें." नियमावलींतहि या दोन्ही रीति मान्य आहेत. मीं दुसरी धरली. "आम्ही यात्रेकरू आहों असें तो सांगतो," एवढें मीं कसेंबसें म्हटलें. फांसा अनुकूल पडला व वेस उघडली.

चौथ्या दिवशींचा प्रसंग निराळा. नदीवरचा दोरांचा पूल तुटला होता आणि थोरल्या आतेभावास मला पाठीवर घेऊन पलीकडे जावयाचें होतें; माझ्या बळाचा आठ तेथें आडवा आला होता. शाहिरास एक देणगी असते: त्यानें सोबत्यास ऐकूं येईल असा धीराचा शब्द दिला, तर त्या सोबत्यास सहा पैलूंचा एक जादा फांसा मिळतो. ताईनें विचारिलें, "शाहीर काय म्हणतो?" मीं तोंड उघडलें, शब्द निघेना. सारे थांबले. कोणी हंसलें नाहीं, कोणी माझा शब्द माझ्या आधीं उच्चारला नाहीं. कारण आतेभावाचा पार पडण्याचा हिशेब त्या शब्दावर होता. अखेर मीं म्हटलें, "दादा, चल." त्यानें फांसा टाकला: आठ. बळाचे व सरावाचे मिळून पांच, म्हणजे तेरा. हवे होते पंधरा. माझ्या शब्दाच्या फांशानें तीन दिले, आणि आम्ही दोघेहि पार झालों.

माझी जीभ अजूनहि अडखळते. खेळानें ती सुधारली असें कोणास वाटूं नये. परंतु माझ्या शब्दाची वाट पाहिली जाते तेव्हां तो येतो, हें मला त्या दिवशीं कळलें. आणि साचा निवडणें म्हणजे केवळ आपला पराक्रम निवडणें नव्हे, तर कोणाच्या पाठीवर बसून नदी ओलांडावयाची हेंहि ठरविणें होय, हें मला पटलें. चौघांचे आठ एकाच ठिकाणीं असते, तर आम्ही वेशीबाहेर पडलों नसतों.

अमेरिकेंत १९८० नंतरच्या दशकांत कित्येक पालकांना या खेळाची मोठी भीति वाटत असे. माझ्या वडिलांनाहि आरंभीं तो अभ्यासास घातक वाटला. एके रात्रीं जेवतांना ताईनें मोठ्या मंडळींसहि विचारिलें, "तुमचा आठ कोठें?" आजी म्हणाली, "बळांत. पण तो आतां आला आहे, पूर्वीं नव्हता." आई म्हणाली, "चपळाईंत," आणि हातांतली वाटी जपून खालीं ठेविली. वडील पुष्कळ वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "छापेंत. म्हणूनच कचेरींत कधीं कांहीं मागतां आलें नाहीं." इतकें त्यांनीं स्वतःविषयीं आम्हांस पूर्वीं कधीं सांगितलें नव्हतें.

असो. पालकांस माझी एवढीच विनंति आहे, कीं मुलानें कोणतें सोंग घेतलें हें त्यास अवश्य विचारावें, पण त्याबरोबर आठ कोठें ठेविला हेंहि विचारावें. आणि जमल्यास आपला कोठें आहे तें सांगावें.

— इयत्ता दहावींतील एक विद्यार्थी