हळकुंड आणि केबल

हळकुंडाची परीक्षा बाहेरच्या चकाकीवरून होत नाही, हे सांगलीच्या मार्केट यार्डात उमेदवारी केलेल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. शिजवून वाळवलेली हळद पॉलिशच्या ढोलात फिरली की खडबडीत कांडीही सोन्यासारखी दिसू लागते. जाणता व्यापारी त्या तेजाला भुलत नाही. तो हळकुंड मोडतो आणि आतला रंग पाहतो. परंतु जो माल मोडून पाहण्याची सोयच नाही, त्याची परीक्षा कशी करावी? हा प्रश्न तेथील एका जुन्या पेढीच्या आप्पांपुढे वयाच्या ७८व्या वर्षी उभा राहिला, आणि तोही एका केबलच्या निमित्ताने.

घराचे नवे बांधकाम पूर्ण होत आले होते. वरच्या मजल्यावरील दिवाणखान्यात होम थिएटर करावे, ही नातवाची इच्छा होती. त्यामागे केवळ हौस नव्हती. त्याचे वडील, आप्पांचे थोरले चिरंजीव, नऊ वर्षांपूर्वी अकाली गेले. त्यांच्या १९९३ मधील लग्नाची व्हिडिओ कॅसेट कपाटात जपून ठेवलेली होती. नातवाने ती संगणकावर उतरवून घेतली आणि नव्या घरात आईला मोठ्या पडद्यावर दाखवायची, असे मनाशी ठरवले. ही गोष्ट त्याने आजोबांखेरीज घरात कोणालाही सांगितली नव्हती. दुकानदाराला मात्र ती बोलता बोलता सांगून टाकली होती.

दुकानदाराच्या अंदाजपत्रकात शेवटची ओळ केबलची होती : सोन्याचा मुलामा दिलेल्या टोकांचा संच, ४६,००० रुपये. बाकी प्रत्येक आकड्यावर घासाघीस करणारा नातू त्या ओळीवर गप्प होता.

“पप्पांचं चित्र नीट दिसायला हवं, आप्पा. वायरमध्ये काटकसर नको,” तो म्हणाला.

आप्पांनी कागद खाली ठेवला. हळव्या झालेल्या मनाचे गिऱ्हाईक भाव करत नाही, हे बाजाराला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

“शनिवारी भिंतीचा गिलावा आहे. तोवर मला एवढंच समजावून सांग. ही वायर नेते तरी काय?”

नातवाने हिशेब मांडला. ४के चित्रात आडवे ३८४० आणि उभे २१६० बिंदू, म्हणजे एकूण सुमारे ८३ लाख. सेकंदाला ६० चित्रे धरली तर जवळजवळ ५० कोटी बिंदू, आणि प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ अंक. त्यात वहनासाठी लागणारी वाढीव जागा मिळवली की एचडीएमआय केबलला सेकंदाला सुमारे १८०० कोटी अंक वाहून न्यावे लागतात.

“अंक कोणते?”

“फक्त शून्य आणि एक.”

आप्पा क्षणभर थांबले. “म्हणजे ही हुंडी झाली. अक्षर वाचता आलं की पुरती वटते. कागद रेशमी आहे म्हणून दोन रुपये जास्त मिळत नाहीत.”

नातू काही बोलला नाही. हिशेब त्यानेच मांडला होता.

चांगल्या तारेने चित्र सुधारते, हा समज मुळात खोटा नव्हता. तो जुन्या काळातला होता. व्हीसीआरच्या पिवळ्या टोकाच्या तारेतून चित्र विजेच्या चढउतारांच्या रूपाने जात असे. तार हलकी असली की रंग फिकटत, प्रतिमेला सावली येई. एचडीएमआयमध्ये तसे होत नाही. अंक नीट पोचले, तर स्वस्त आणि महाग केबलवरील चित्र एकच असते. ते नीट पोचेनासे झाले, तर पडद्यावर ठिपके चमकतात, पडदा मध्येच काळा होतो किंवा चित्र येतच नाही. सोन्याच्या मुलाम्याने टोके गंजत नाहीत, हा त्याचा खरा गुण. रंग मात्र त्यामुळे गडद होत नाहीत.

मग पाहायचे काय? दोनच गोष्टी : क्षमता आणि लांबी. ‘हाय स्पीड’ वर्गाची केबल सेकंदाला १०२० कोटी अंक नेते आणि सेकंदाला २४ चित्रांचा ४के चित्रपट तिच्यात बसतो. ६० चित्रांसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ वर्गाची १८०० कोटींची केबल पुरते. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ ४८०० कोटी नेते. १२० चित्रांचे ४के खेळ किंवा ८के पडदा असेल तेव्हाच तिची पूर्ण क्षमता कामी येते. खोक्यावरचा ‘२.१’ हा आकडा उपकरणांच्या मानकाचा आहे. एचडीएमआयच्या परवान्याच्या नियमांनुसार केबल अशा आकड्याने विकता येत नाही, तिचा वर्गच लिहावा लागतो. वरच्या दोन्ही वर्गांच्या प्रमाणित केबलच्या वेष्टनावर स्कॅन करून पडताळता येणारी चिठ्ठी असते. हीच त्या मालाची मोडून पाहण्याची जागा.

लांबीचा प्रश्न अधिक अवघड होता. यंत्रांच्या कपाटापासून छतावरच्या प्रोजेक्टरपर्यंत भिंतीतून १२ मीटरचे अंतर होते. साध्या तांब्याच्या केबलची ताकद लांबीबरोबर घटते, आणि ४८०० कोटींची प्रमाणित केबल तीन ते पाच मीटरच्या पुढे सहसा मिळत नाही. अशा अंतरासाठी आत काचतंतू असलेली ऑप्टिकल केबल घ्यावी लागते. तिला दिशा असते. एक टोक यंत्राचे, दुसरे पडद्याचे; उलटी जोडली तर चालत नाही.

आजोबा आणि नातू दुकानात गेले. १२ मीटरच्या तांब्याच्या केबलच्या खोक्यावर ‘८के’ आणि ‘२.१’ ठळक अक्षरांत छापले होते. पडताळणीची चिठ्ठी मात्र कोठेच नव्हती.

आप्पांनी आवाज चढवला नाही. “ती चिठ्ठी दाखवता का?” एवढेच विचारले.

“शेठ, सगळे हीच नेतात,” दुकानदार म्हणाला आणि नजर दुसरीकडे वळवली.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे : अस्सलाच्या नावाने तसाच दिसणारा दुसरा माल देणे. परतीच्या वाटेवर नातू दुकानदारावर रागावून बोलत राहिला. आप्पा गप्प होते. रात्री सामायिकाला बसल्यावर त्यांना स्वतःच्या पेढीवरचा एक जुना दिवस आठवला. एक माणूस मुलीच्या लग्नाची हळद घ्यायला आला होता. घाईत होता, आनंदात होता. त्याने भाव विचारला नाही, हळकुंडही मोडले नाही. आप्पांनी त्याला जुना माल नव्याने पॉलिश करून दिला होता. खोटे एक अक्षरही बोलले नव्हते. फक्त गप्प राहिले होते.

दुसऱ्या दुकानातून प्रमाणित ऑप्टिकल केबल आणि दोन छोट्या केबली आल्या. एकूण खर्च साडेनऊ हजार झाला. भिंतीत केबल थेट पुरली नाही. ४० मिलिमीटरचा पाइप विजेच्या लाइनपासून दूर, काटकोन टाळून हलक्या वळणांनी बसवला. केबल आधी बाहेरच जोडून चार दिवस चालवून पाहिली, मगच ओढली. पाइपमध्ये एक दोरी मोकळी ठेवली. पुढे केबल बदलावी लागली तर भिंत फोडायला नको.

वास्तूनंतरच्या पहिल्या रविवारी कॅसेटमधले लग्न पडद्यावर आले. चित्र धूसर होते. व्हीएचएस कॅसेटमध्ये मुळात आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांचा तपशील मावतो. जे मुळात नाही, ते कोणतीही केबल आणून देऊ शकत नाही. नातू अस्वस्थ झाला आणि रिमोटवरची बटणे दाबू लागला.

“राहू दे रे,” आई म्हणाली. तिने पडद्यावरची नजर काढली नव्हती. “फेटा सारखा सरकत होता त्यांचा. तो बघ, आता पुन्हा हात लावतील.”

पडद्यावरच्या धूसर नवरदेवाने फेट्याला हात लावला.

लग्नाची हळद नेणारा तो माणूस आता शोधून सापडणार नव्हता. मात्र सोमवारपासून पेढीवरच्या नमुन्याच्या ताटलीत अखंड हळकुंडांच्या जागी मोडलेली हळकुंडे ठेवली जाऊ लागली. मुनीमजींनी कारण विचारले, तेव्हा आप्पा एवढेच म्हणाले, “गिऱ्हाईक विसरलं, तरी आपण विसरू नये.”