आधी सूर, मग थाप: प्युअर डेटास अनावृत पत्र

प्रिय प्युअर डेटा,

अण्णांनी तुला पाहिलेलं नाही, फक्त ऐकलं आहे. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावात ते चाळीस वर्षं भजनाला पखवाज वाजवतात. आता त्यांचा हात थरथरतो. म्हणून पोरांच्या सरावासाठी भजनी ठेका तुझ्यात बांधायचं मी मनावर घेतलं. मात्रा आठ आणि बोल मोजके, म्हणजे दोन दिवसांचं काम वाटलं होतं. अख्खा पावसाळा त्यात गेला.

तू आवाज घडवण्याची संगणकभाषा, पण तुझ्यात ओळी लिहायच्या नसतात. चौकटी मांडायच्या आणि वायरींनी जोडायच्या, की झाला पॅच. एक चौकट स्वर काढते, दुसरी त्याचा जोर सांभाळते, शेवटची तो स्पीकरला देते. आवाज चालू असतानाच वायर काढून दुसरीकडे लावली की तिथल्या तिथे फरक ऐकू येतो. मिलर पकेट यांनी १९८० च्या दशकात पॅरिसच्या इर्कॅम संस्थेत मॅक्स नावाचं असंच सॉफ्टवेअर लिहिलं, ते पुढे विकाऊ झालं. मग १९९० च्या दशकात सॅन दिएगोच्या विद्यापीठात त्यांनी तुला नव्यानं घडवलं आणि कुणालाही उघडता, बदलता, वाटता येईल असं मोकळं सोडलं. बारामतीत शिकताना घेतलेल्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर तू चालतोस तो या मोकळेपणामुळे, आणि त्याबद्दल मी खरोखर कृतज्ञ आहे.

पहिला पखवाज फसला. पुस्तकात गोल ताणलेल्या कातड्याच्या स्वरांचं प्रमाण होतं: १, १.५९, २.१४, २.३०, २.६५. तेवढ्या पाच चौकटी लावल्या, तर डफ वाजला. आवाज होता, पण त्याला सूर धरता येईना. चूक तुझी नव्हती, पखवाज मीच नीट पाहिला नव्हता. त्याच्या उजव्या पुडीवर शाईचा काळा लेप असतो, तो मधोमध जड असतो, आणि त्या वजनानं वरचे स्वर सरकून १, २, ३, ४, ५ अशा सरळ पटींत येतात. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२० साली ‘नेचर’मध्ये हेच मांडलं. आकडे बदलले आणि ‘ता’ बोलू लागला. त्या रात्री मी एकटाच अंगणात जाऊन उभा राहिलो होतो.

मग प्रत्येक थापेला बारीक ‘खट’ यायचं. जोर शून्यावरून एकावर उडी मारत होता, आणि उडी म्हणजे कानाला खट. ‘लाइन’ची चौकट लावून तो चढता केला, तेव्हा खट गेलं. पण तू आवाज ६४ नमुन्यांच्या घासांनी हाताळतोस, सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर एक घास जेमतेम दीड मिलिसेकंदाचा. ‘लाइन’ घासाच्या सुरुवातीलाच निघते. घासाच्या अधेमधे नेमक्या क्षणी निघायचं तर ‘व्हीलाइन’ लागते. ती लावल्यावर ठेक्याची वीण घट्ट बसली.

खरी चूक मात्र अण्णांनी पकडली. दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, ‘‘ठेका सरळ हाय. पन बोल मागच्याचा हाय. एक घर मागं चाललंय.’’

मी दोन रात्री पडद्याकडे पाहत होतो. प्रिंटच्या चौकटी लावल्या, एकेक वायर तपासली, चित्र बरोबरच दिसायचं. बोलाचा आकडा एकाच चौकटीतून दोन वायरींनी निघत होता. एक वायर पुढच्या चौकटीच्या उजव्या तोंडाला, म्हणजे सुराला. हे तोंड गार, आलेलं नुसतं साठवून ठेवतं. दुसरी डाव्या तोंडाला, थापेला. हे गरम, आलं की लगेच कामाला लागतं. गरम तोंडाला आधी पोचलं तर थाप पडते ती जुन्याच सुरावर. आणि आधी कुठे पोचायचं हे ठरतं वायरी कोणत्या क्रमानं जोडल्या यावरून. मी मध्ये एक वायर काढून पुन्हा लावली होती, तीच सुराची. चित्र तसंच राहिलं, क्रम उलटला. शेवटी तुझी फाइल साध्या मजकुरासारखी उघडली. तिथे त्या दोन वायरींच्या ‘कनेक्ट’च्या ओळी एकाखाली एक, जोडल्या त्याच क्रमानं होत्या. तुला सगळं ठाऊक होतं, फक्त पडद्यावर दाखवत नव्हतास.

इथे माझं तुझ्याशी भांडण आहे. आमच्याकडची वारीच बघ. तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, मग बेलवाडी, पुढे इंदापूर. त्या गर्दीत प्रत्येक दिंडीला नंबर असतो, रथापुढची की रथामागची हे ठरलेलं असतं. रिंगणात पताकावाले, तुळशी घेतलेल्या बाया, विणेकरी, अश्व, सगळ्यांची पाळी असते, आणि ती लहान पोरालाही दिसते. तू तर चित्रातून बोलणारा. मग पाळी चित्रात का नाही? आवाजाच्या जाड वायरींचं ठीक आहे, त्यांची बेरीजच होते, आधी-नंतरचा प्रश्न नाही. पण निरोपाच्या बारीक वायरी एका तोंडातून दोन निघाल्या, तर प्रत्येकीपाशी छोटा आकडा हवा. ‘ट्रिगर’ची चौकट आहे, ती उजवीकडून डावीकडे एकेक निरोप सोडते, मेनूत ‘ट्रिगराइझ’ही आहे. औषध आहे, पण दुखणं दिसल्याशिवाय औषध कोण मागणार? म्हणून फाइलमधल्या ‘कनेक्ट’च्या ओळी वाचून असे दुहेरी फाटे शोधणारा छोटा प्रोग्राम मी लिहायला घेतला आहे. झाला की तो तुझ्यासारखाच मोकळा सोडेन.

दुसरं मागणं लिपीचं. चौकटींशेजारी मी मराठीत टिपा लिहितो, कारण पोरं त्याच वाचणार. माझ्या लिनक्सवर ‘धिं’ची वेलांटी अक्षर ओलांडून पलीकडे पडते, जोडाक्षरांचे पाय मोडतात. तू प्रत्येक चिन्हाला सारखीच रुंदी धरतोस. आमच्याकडे वेलांटी अक्षराच्या अंगाला चिकटून असते. सी भाषेतला तुझा गाभा मला अजून जड जातो, पण पडद्याचा भाग टीसीएलमध्ये आहे, तिथून वाचायला सुरुवात केली आहे.

सध्या ट्रिगरशेजारी एकच टीप ठेवली आहे: ‘आधी सूर, मग थाप’. तिच्यात पहिली वेलांटी नाही, जोडाक्षरही नाही, म्हणून ती न मोडता उमटते. परवा अण्णांनी चष्मा लावून ती वाचली, आणि तिसऱ्या मात्रेवरचा ‘धिं’ अजून थोडा वर हवा म्हणाले.

तुझा,
इंदापूरचा एक पॅच बांधणारा