ऐकणारा चेहरा

सप्तशृंगी गडावरच्या देवीची मान किंचित कललेली आहे. समोरच्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषी सप्तशती म्हणत आणि देवी कान देऊन ऐके, ही कथा आमच्या वणीत पोराटोरांनाही ठाऊक. अठरा हातांत शस्त्रं, तरी आजी मला मानेकडेच बघायला सांगायची. पुढे व्हिडिओ एडिटर झालो आणि चेहरे बघणं हाच माझा धंदा झाला. त्यातले ऐकणारे चेहरे मला सगळ्यात मोलाचे वाटतात.

मुंबईत वृत्तवाहिनीत लागलो तेव्हा हिशेब वेगळा होता. बातमीचं पॅकेज जेमतेम दीड मिनिटाचं: व्हीओ म्हणजे निवेदन, बाईट म्हणजे बोलणाऱ्याचा तुकडा, पुन्हा व्हीओ. बाईटमधलं एखादं वाक्य गाळलं की जोडावर चित्र उडी मारतं. ती झाकायला कटअवे, म्हणजे मध्ये टाकायचं दुसरं दृश्य लागतं, म्हणून कॅमेरामन ऐकणाऱ्यांचे दोन-चार शॉट घेऊन येतो. ऐकणारा म्हणजे ठिगळ.

2014 च्या गारपिटीत दिंडोरी तालुक्यातलं फुटेज माझ्या टेबलावर आलं. द्राक्षाच्या मांडवाखाली शेतकरी बोलत होता, पायाशी फुटलेल्या मण्यांचा खच, मागे त्याची बायको. त्याने कर्जाचा आकडा सांगितला आणि तिने चटकन त्याच्याकडे पाहिलं. तो आकडा ती पहिल्यांदाच ऐकत होती. मग सावकाश तिने नजर वेलींकडे नेली. सगळी बातमी त्या नजरेत होती. पॅकेजात तिचे दोन सेकंद गेले, तेही आकड्याच्या आधीचे. स्वतःची फिल्म करायचं तिथेच पक्कं झालं.

शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्हने एका नटाचा निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याला, कधी शवपेटीला जोडून दाखवला. प्रेक्षकांना त्यात भूक दिसली, दुःख दिसलं. एडिटिंगमधला हा पहिला धडा. मला तो अपुरा वाटतो. त्या बाईच्या चेहऱ्याला माझ्या जोडकामाची गरज नव्हती, वेळ हवा होता.

स्वतंत्रपणे फिल्म करणाऱ्याकडे पैसा नसतो, वेळ तेवढा असतो. मुंबईतल्या रमाबाई नगरात 1997 मध्ये दलितांवर झालेल्या पोलिस गोळीबारानंतर माहितीपटकार आनंद पटवर्धनांनी हाती घेतलेली ‘जय भीम कॉम्रेड’ 2011 मध्ये पुरी झाली. संकलनही त्यांनीच केलं. चौदा वर्षं.

आणि आमच्या नाशिक जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 चा. त्यांच्याआधी मी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचं नाव घेतो. विलायतेहून आलेल्या कोऱ्या फिल्मच्या कडांना अंधारात भोकं पाडायची, फिल्म धुवायची, वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक. पडद्यावर त्या कुठेच नाहीत, पण प्रत्येक फुटाला त्यांचा हात लागलेला.

सध्या माझी फिल्म कापतोय, द्राक्षबागांच्या घरांतल्या बायकांवरची. त्यात वाटणीची बोलणी आहेत. चुलते बोलतात, भाऊ बोलतात. कॅमेरा मात्र हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलेल्या बहिणीवर. शॉट सलग चार मिनिटांचा. कच्चा कट पाहिलेले विचारतात, बोलणारे कुठे आहेत? आहेत ना, त्यांचे आवाज स्वच्छ ऐकू येतात. लांबी कमी करा, असाही निरोप आलाय. करीन. सुरुवातीची बागांवरून फिरणारी ड्रोनची दृश्यं काढून टाकीन. बहिणीच्या शॉटमधली एक फ्रेमही जाणार नाही.