घर पाहावें पावसांत

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्याच्या काळीं घर ही बाजारांत विकत घेण्याची वस्तु नव्हती. बांधणाऱ्या गृहस्थाच्या देखत पाया खणला जाई, चुना मळला जाई, तुळई चढे; भिंतीच्या पोटांत काय आहे हें त्यास मुखोद्गत असे. आज बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबें तयार घर घेतात. निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेली पुंजी, पत्नीचे चार दागिने आणि मुलाच्या पगारावर काढलेलें कर्ज एवढें सारें पणाला लावून जें घर घ्यावयाचें, तें आपण पाहतों किती वेळ? सणाची साडी निवडतांना आमच्या गृहिणी त्याहून अधिक वेळ घेतात, आणि पदर उलटून पाहिल्यावांचून त्या उठत नाहींत. घराचा पदर मात्र कोणी उलटीत नाहीं. म्हणून त्या जुन्या म्हणीस एक पुरवणी जोडावी असें मला वाटत आलें आहे: तयार घर पाहावें पावसांत.

हें मत मला मावळानें शिकविलें. पुण्यास वर्षाकाठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून ६४ किलोमीटरांवर, सह्याद्रीच्या माथ्याशीं सुमारें ६२० मीटर उंचीवर वसलेल्या लोणावळ्यास तो ४००० मिलिमीटरांच्या पुढें जातो, आणि त्यांतील बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. नैर्ऋत्येचा वारा त्यास आडवा करतो. त्यामुळें येथला पाऊस नुसता छपरावर पडत नाहीं, तो भिंतीवर पडतो. आमच्या शाळेची इमारत जुनी होती. उन्हाळ्याच्या सुटींत दुरुस्तीचा तक्ता भरण्याचें काम माझ्याकडे असे, आणि त्यासाठीं येणारे ओव्हरसिअर व गांवांतील एक वृद्ध गवंडी यांच्यामागून मी वर्षानुवर्षें वही घेऊन हिंडलों. गवंड्यास अक्षरओळख बेताची होती. परंतु भिंत वाचण्यांत त्याचा हात धरणारा मीं दुसरा पाहिला नाहीं.

त्याची तपासणीची रीत पाहून मला माधवनिदानाची आठवण होई. हेतु, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति हीं रोग ओळखण्याचीं पांच साधनें आयुर्वेदानें सांगितलीं आहेत. घराच्या बाबतींत आपण यांतील केवळ रूप पाहतों. डाग दिसला, रंग दिला. भेग दिसली, सिमेंट भरलें. पांडुरोग्याच्या गालांस कुंकू चोळून त्यास निरोगी ठरविण्यासारखाच हा प्रकार होय. गवंडी मात्र डाग दिसल्याबरोबर डागाकडे पाठ फिरवी आणि पाणी कोठून आलें असेल त्या दिशेस चालूं लागे.

मावळांतील घरांचा मुख्य रोग ओल. पण ओल हें एकाच रोगाचें नांव नव्हे. जमिनींतून चढणारी ओल जोत्यापासून सुमारें तीन फुटांपर्यंत चढते, तिची वरची कड लाटेसारखी असते, आणि तेथें पांढरा लोणा फुटून गिलाव्याचे पोपडे सुटतात. जोत्यावर ओल अडविणारा थर नसणें, किंवा अंगणांत भर घालीत घालीत तें जोत्याच्याहि वर नेणें, हा तिचा हेतु. वरून येणारी ओल पावसाबरोबर वाढते व ओसरते. ती पश्चिमेच्या भिंतीवर, खिडकीच्या खालच्या कोपऱ्याशीं आणि गच्चीच्या कठड्यालगत शोधावी. मात्र डाग जेथें तेथेंच छिद्र असतें असें नाहीं. पाणी स्लॅबच्या पोटांतून चार हात दूर जाऊन टपकतें. तिसरी ओल नळाची. ती वैशाखांतहि सुकत नाहीं आणि बहुधा न्हाणीघराच्या पाठच्या भिंतीवर दिसते. घरांतील सर्व नळ बंद करावे. तरीहि पाण्याचें मीटर फिरत असेल तर दुसरा पुरावा नको.

चौथी ओल लोणावळ्यांतील हवा खाण्याच्या बंगल्यांत विशेष आढळते. महिनोन् महिने दारेंखिडक्या बंद असतात, दमट हवा गार भिंतीस लागून भिंतीस घाम सुटतो, आणि कपाटामागें व कोपऱ्यांत काळी बुरशी धरते. ही ओल भिंतींतली कीं हवेंतली, याची परीक्षा सोपी आहे. डागावर वीतभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनीं चिकटवून दोन दिवस ठेवावा. पाणी कागदाच्या आंतल्या बाजूस धरलें तर तें भिंतींतलें. बाहेरच्या बाजूस धरलें तर हवेंतलें. यालाच मी उपशय म्हणतों. पुष्कळदां हजारों रुपयांच्या रंगानें न गेलेली बुरशी दोन खिडक्या नित्य उघडल्यानें जाते.

भेगांच्या बाबतींत तर न्यायशास्त्राचा पहिला धडाच गिरवावा लागतो. धुरावरून अग्नीचें अनुमान करतां येतें. अग्नीवरून धुराचें करतां येत नाहीं. तद्वत् पाया खचला कीं भिंतीस भेग पडते, परंतु भेग पडली म्हणजे पाया खचलाच असें नव्हे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या भेगा बहुधा गिलाव्याच्याच असतात. त्यावर पुरेसें पाणी मारलें गेलें नाहीं एवढाच त्यांचा अर्थ. तुळई आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावरची सरळ भेग दोन भिन्न पदार्थांच्या प्रसरण-आकुंचनाची असते. खिडकीच्या कोपऱ्यांतून निघून पायऱ्यांसारखी तिरपी चढत जाणारी, एका टोंकास रुंद होणारी भेग मात्र गंभीरपणें घ्यावी. ज्या घराचा पाया काळ्या चिकणमातींत आहे, त्याची भेग उन्हाळ्यांत उघडते आणि माती पाणी पिऊन फुगली कीं मिटते. डोंगर अर्धा कापून व अर्धी भर घालून केलेल्या जागेवरील घराची भेग भरावाच्या बाजूस वाढत जाते. तुळईच्या खालून सळईच्या रेषेनें धांवणारी, तांबूस डाग ओघळलेली भेग गंजाची. गंजलेलें लोखंड मूळच्या दुपटीहून अधिक जागा मागतें आणि ती मिळविण्यासाठीं कांक्रीट फोडतें. अशा ठिकाणीं काठीनें ठोकलें असतां पोकळ आवाज येतो. असें घर दिसल्यास रंगाऱ्यास नव्हे, स्थापत्य अभियंत्यास बोलवावें.

हें सारें कोरडें शास्त्र न राहावें म्हणून पाहण्यांतलीं दोन घरें सांगतों. पहिलें लोणावळ्याजवळच्या उतारावरील. माझा एक विद्यार्थी मुंबईची नोकरी सोडून आईवडिलांसह इकडे राहावयास येऊं पाहत होता. वैशाखांत तो मला बंगला दाखविण्यास घेऊन गेला. बंगला देखणा, पुढें दरी, मागें डोंगर. विद्यार्थ्याचा चेहरा पाहूनच मीं ओळखलें कीं मनानें त्यानें खरेदी केली आहे. परंतु सर्व खोल्यांचा रंग तीन-चार वर्षांचा असून दरीकडील एकाच खोलीचा ओला वाटावा इतका ताजा होता. त्या खोलीच्या दाराची वरची कड तिरकी तासलेली होती; म्हणजे चौकट वांकली होती आणि दार लागावें म्हणून तें कापलें होतें. जमिनीवर एक गोटी ठेवली, ती आपण होऊन दरीच्या बाजूस गेली. मध्यस्थ हंसून म्हणाला, “मास्तर, तुम्ही घर पाहावयास आलांत कीं गोट्या खेळावयास?” मीं विद्यार्थ्यास एवढेंच सांगितलें कीं, आषाढांत पुन्हां येऊं. “गुरुजी, दुसरीं दोन गिऱ्हाइकें रांगेंत आहेत असें म्हणतात,” तो म्हणाला. मीं म्हटलें, “असोत. तुझ्या वडिलांना या खोलींत निजवावयाचें आहे, हें मध्यस्थास ठाऊक नाहीं, तुला आहे.”

तो थांबला. जुलैच्या मध्यावर आम्ही गेलों तेव्हां खिडकीवरील लांबी फाटून तिरपी भेग उघडी पडली होती, आणि तींत पोस्टकार्डाची कड जात होती. भराव अडविणाऱ्या दगडी भिंतीस पाणी वाहून जाण्यासाठीं एकहि भोंक ठेवलें नव्हतें. पाठीमागें पाणी तुंबून तिच्या पोटास फुगवटा आला होता. सोबतच्या अभियंत्यांनीं निदान पक्कें केलें: निम्मा बंगला मुरमावर, निम्मा भरावावर. विद्यार्थ्यानें सौदा सोडला.

दुसरें घर पवनेच्या खोऱ्यांतलें, आमच्या चुलत वडीलबंधूंचें. बंधु निवर्तल्यावर वहिनी तेथें एकट्याच राहत. मागील भिंतीस मोठी भेग गेली होती, माजघरांतला एक खांब खचला होता, आणि घर पडावयास आलें आहे, तें पाडून जागा विकावी, असा सल्ला एका ठेकेदारानें पुतण्यांस दिला होता. वहिनींनीं मला बोलावून घेतलें. म्हणाल्या, “भावोजी, मुलांचें म्हणणें काळजीपोटींच आहे. घर खरोखर पडावयास आलें असेल तर मी हट्ट धरणार नाहीं. पण तें आलें आहे कीं नाहीं, एवढें तुम्ही पाहा. ह्याच उंबऱ्यावरचें माप लवंडून मी आंत आलें आहें.”

वृद्ध गवंडी तोंवर वारला होता; त्याच्या मुलास मीं सोबत नेलें. त्यानें प्रथम भेगेकडे पाहिलेंच नाहीं. तो न्हाणीच्या मोरीपाशीं जाऊन बसला. मोरीचा नळ जमिनींत फुटलेला, आणि किती वर्षांचें सांडपाणी त्या कोपऱ्याच्या पायांत मुरत होतें कोण जाणे. खांबावरील पन्हळींतलीं चार कौलें फुटलीं होतीं. पाणी खांबावरून उतरून बुंध्याशीं सांचे. तेथें दाभण दोन इंच आंत गेलें. बाकीच्या अकरा खांबांत तें टोंकभरहि शिरलें नाहीं. नळ बदलला, पाणी लांब नेणारी दगडी पन्हळ केली, खांबाचा कुजलेला बुंधा कापून खालीं नवा तळखडा बसविला, आणि भेगेवर आडवी कांचेची पट्टी चिकटवून तींवर तारीख लिहिली. भिंत हलली तर कांच तडकते. दुसऱ्या वर्षींच्या दिवाळीपर्यंत ती अखंड होती. वहिनी आजहि त्याच घरांत तुळशीला पाणी घालतात.

देखणें घर रोगी निघालें आणि रोगी म्हणविलें गेलेलें घर धडधाकट निघालें. दोन्ही ठिकाणीं निर्णय रूपावर झाला असता तर एका कुटुंबाची पुंजी गेली असती आणि दुसऱ्याचें छप्पर. वय झालें म्हणून घर मरतें ही समजूतहि यावरून तपासून घ्यावी. लोणावळ्यापासून जवळच कार्ल्याचें चैत्यगृह आहे. त्याच्या दगडी छताखालील सागवानी फांसळ्या सुमारें दोन हजार वर्षांच्या आहेत. बाहेर तोच पाऊस कोसळतो. पण तो त्या लाकडापर्यंत पोहोंचत नाहीं. लाकडास पाणी जितकें खातें तितकें वय खात नाहीं. आपले पूर्वज रुंद वळचण ठेवीत, तें भिंतीपासून पागोळ्या दूर पडाव्यात म्हणून. ‘आढ्याचें पाणी वळचणीला’ हें ज्या घरांत खरें आहे, तें घर टिकतें. आधुनिक सपाट गच्चीसहि उतार आणि नळ हवाच.

परीक्षा घराच्या चार भिंतींशींहि थांबूं नये. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळून दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. उतारावर घर घेणाऱ्यानें वरचा डोंगर कोठें खणला आहे, ओढा कोठून वळविला आहे, झाडें वांकलीं आहेत काय, हेंहि पाहावें.

कायद्याचा आधार आहे, पण त्याची मर्यादा जाणून घ्यावी. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें विक्रेत्यास ठाऊक असलेला, परंतु खरेदीदारास सामान्य दक्षतेनें कळूं न शकणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्यानें सांगितला पाहिजे. म्हणजे जो दोष सामान्य दक्षतेनें दिसला असता, त्याचा भार आपल्यावरच! २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें नव्या प्रकल्पांतील खरेदीदारास अधिक संरक्षण दिलें आहे: ताबा मिळाल्यापासून पांच वर्षांच्या आंत बांधकामाचा दोष दाखवून दिल्यास विकसकानें तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. जुनें घर एका मालकाकडून दुसऱ्यानें घेतल्यास ही सवड नाहीं. तेथें आपली नजर हाच आपला वकील.

तेव्हां घर पाहण्यास जातांना विजेरी, दाभण, पेन्सिल व एक गोटी एवढें सामान बरोबर असावें. एकदां उन्हाळ्यांत आणि एकदां भर पावसांत जावें. ताजा रंग कोठें आहे तें आधीं पाहावें आणि तो तेथेंच कां, हें विचारावें. शेजाऱ्यांच्या घरीं चहा घ्यावा. गळतीचा इतिहास तेथें कळतो. शंका आल्यास जाणत्या अभियंत्यास त्याची फी देऊन न्यावें, कारण आपली तपासणी प्रश्न विचारण्यापुरती, उत्तर त्याचें. एक पावसाळा थांबलों तर घर हातचें जाईल अशी भीति पुष्कळांस वाटते. क्वचित् जाईलहि. परंतु जें घर एक आषाढ थांबून पाहूं देत नाहीं, त्यांत पुढचे तीस आषाढ काढावयाचे आहेत, हें सहीपूर्वीं घरांतील सर्वांनीं एकत्र बसून बोलावें.