पत्र्याची पेटी

आमच्या घरी पत्र्याची एक हिरवी पेटी आहे. तिचे कुलूप कधीच हरवले, म्हणून तिला सुतळी बांधलेली असते. दादामियाँ, म्हणजे आमचे आजोबा, ती आपल्या खाटेखाली ठेवीत. ते गेल्यावर ती अब्बांच्या कपाटावर गेली आणि अब्बांच्या इंतकालनंतर आमच्याकडे आली. तिच्यात दागदागिने नाहीत. गावच्या मशिदीचे आणि कब्रस्तानाचे कागद आहेत. पावत्या, उतारे, अर्ज, अर्जांना आलेली आणि न आलेली उत्तरे. काही कागद हिंदीत, काही मराठीत, एकदोन उर्दूत. सर्वांत जुन्या कागदाच्या माथ्यावर सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ॲण्ड बेरार असे छापले आहे, त्यानंतरच्यांवर मध्य प्रदेश. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा वर्धा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. दादामियाँ हसत सांगायचे, "घर बदलले नाही, बिछाना बदलला नाही, पण चार राज्यांत राहून झाले."

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या एप्रिलमध्ये वक्फचा नवा कायदा लागू झाला तेव्हा ही पेटी पुन्हा खाली उतरली. गावातली पाचसहा तरुण मुले मगरिबनंतर आमच्या ओसरीवर येऊन बसली. त्यात आमचा पुतण्याही होता. कब्रस्तान कुणाच्या नावावर आहे, कागद आहे की नुसती वहिवाट, असे प्रश्न सुरू झाले. बोलता बोलता पुतण्या म्हणाला, "चाचा, खरी गोष्ट अशी आहे की आपला आता कुणी नेताच उरला नाही." कुणी काही बोलले नाही. आम्हीही नाही. पण ते वाक्य रात्रभर आमच्या उशाशी राहिले.

आम्हाला दादामियाँची जवानी आठवली, म्हणजे त्यांनी सांगितलेली. ते हिंगणघाटला एका जिनिंगमध्ये मुन्शी होते. त्या काळात आमच्या जिल्ह्यातल्या मुसलमानाला नेता शोधायला लांब जावे लागत नव्हते. खान अब्दुल गफारखान १९३४ साली वर्ध्यात येऊन राहिले होते आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यांना अटक झाली तीही वर्ध्यातूनच. १४ जुलै १९४२ ला काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी हा देश सोडावा असा ठराव केला तो वर्ध्यात, आणि अध्यक्ष होते मौलाना आझाद. महिनाभरानंतर, १६ ऑगस्टला, आष्टीला गोळीबार झाला. तिथल्या हुतात्म्यांच्या नावांत रशीद खान हे नाव आहे. दादामियाँ ही नावे अशी घ्यायचे की जणू ही माणसे कालपरवाच त्यांच्या दुकानावरून गेली.

आणि मग पाच वर्षांत सगळे पांगले. खानसाहेब सरहद्दीच्या पलीकडे राहिले. मौलाना दिल्लीत मंत्री झाले. महात्माजी तर ३० जानेवारी १९४८ ला गेलेच. दादामियाँचे थोरले भाऊ १९४७ मध्ये हैदराबादला निघून गेले, तिथे आपला निजाम आहे म्हणून. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचेही राज्य संपले. दादामियाँ का गेले नाहीत, हे आम्ही लहानपणी अनेकदा विचारले. आम्हाला मोठे उत्तर हवे होते, वतनपरस्तीचे वगैरे. ते म्हणायचे, "कापूस वेचायचा राहिला होता. आणि भाऊ म्हणाला तिकडे आपला राजा आहे. मी म्हटले, राजाच्या भरवशावर गेलो तर राजा गेल्यावर कुठे जाऊ?"

याला तवक्कुल म्हणायचे की नाही, हे आम्हाला बरीच वर्षे ठरवता आले नाही. कॉलेजात असताना तर आम्ही ठरवूनच टाकले होते की तवक्कुल म्हणजे हात बांधून बसलेल्या कौमची आळशी सबब. अब्बांशी वाद घालायचो. अब्बा शाळामास्तर. ते वाद घालत नसत, गोष्ट सांगत. हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांचा विसाल झाला तेव्हा हजरत उमरसारखा माणूस ते मानायला तयार नव्हता. तेव्हा हजरत अबू बकर उठले आणि लोकांना त्यांनी एवढेच लक्षात आणून दिले की मुहम्मद (स.) यांचा इंतकाल झाला आहे, ज्याची आपण इबादत करतो तो हयात आहे. "बघा," अब्बा म्हणत, "आपल्या कौमची पहिली परीक्षाच ही होती. त्याहून मोठा नेता कुठला जाणार आहे?"

दुसरी गोष्ट हजरत खालिद बिन वलीद यांची. एकामागून एक लढाया जिंकणारा सिपहसालार. हजरत उमर खलिफा झाल्यावर त्यांनी त्याला पदावरून दूर केले. कारण असे सांगतात की, फतह खालिदमुळे मिळते असे लोकांना वाटू लागले होते. खालिद रुसले नाहीत. नव्या अमिराच्या, हजरत अबू उबैदांच्या हाताखाली लढत राहिले.

ही गोष्ट अब्बांना नुसती सांगावी लागली नाही. १९९८ मध्ये मशिदीच्या कमिटीत फूट पडली आणि चौदा वर्षे सदर असलेल्या अब्बांना एका शुक्रवारी, जुम्माच्या नमाजनंतर, हात वर करून काढून टाकण्यात आले. आरोप असा की मास्तर म्हातारे झाले, विकास होत नाही. विकास म्हणजे मिनार. आम्ही तेव्हा विशीबाविशीचे. आमचे रक्त उसळले. आम्ही म्हटले, उद्यापासून दुसऱ्या गावच्या मशिदीत जाऊ. अब्बांनी हिशोबाची वही नव्या सदरांच्या हातात दिली, बाकी रक्कम मोजून दिली, आणि दुसऱ्या दिवशी फजरला नेहमीसारखे गेले. नव्या सदरांच्या मागच्या सफमध्ये उभे राहिले. आम्ही दोन महिने गेलो नाही. आज लिहितानाही त्याची शरम वाटते.

मिनार झाला. चांगला झाला, हे कबूल केले पाहिजे. पण कागद तसेच राहिले. मराठवाडा सोडला तर महाराष्ट्रात मशिदी-दर्ग्यांची नोंद आधी सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली, धर्मादाय आयुक्तांकडे होत असे. १९९५ चा वक्फ कायदा आल्यावर आणि २००२ मध्ये राज्याचे वक्फ बोर्ड औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) स्थापन झाल्यावर पुन्हा सगळी धावपळ. कमिटीत कुणाला सवड नव्हती. अब्बा तेव्हा कमिटीचे कुणीही नव्हते. तरी पेटी घेऊन ते स्वतःच्या पेन्शनच्या पैशाने तीनदा औरंगाबादला एसटीने गेले. रात्रभराचा प्रवास, डब्यात पोळी आणि लोणचे. एकदा आम्ही सोबत होतो. वैतागून म्हणालो, "अब्बा, अल्लाहवर भरोसा आहे ना तुमचा? मग हा खटाटोप कशाला?" ते म्हणाले, "ऊंट पहले बांधो, बेटा." हदीस आम्हालाही ठाऊक होती. एसटीच्या मागच्या सीटवर, पेटी मांडीवर घेतलेल्या माणसाकडून ऐकेपर्यंत ती आम्हाला कळली नव्हती.

अब्बांची नाराजी होती ती दुसऱ्याच गोष्टीवर. आमच्याकडून गिरडची टेकडी जवळ. बाबा फरीद यांची कबर पाकपट्टणला आहे, पण त्यांनी गिरडला चिल्ला केला अशी श्रद्धा आहे आणि हिंदू-मुसलमान दोघेही तिथे जातात. तिथले गोल दगड म्हणजे व्यापाऱ्याच्या दगड झालेल्या मालाची निशाणी, असे दादी सांगायची. पुतण्या सांगतो ते झिओलाइट आहे, लाव्हाच्या पोकळीत तयार झालेले. दोघांचेही आम्ही ऐकतो. गोंड गेले, भोसले गेले, इंग्रज गेले, टेकडीवर दिवा लागतोच आहे. पण निवडणूक आली की सगळ्या पक्षांचे उमेदवार चादर घेऊन चढतात आणि आपली माणसे त्यांच्या मागे पळतात, याचा अब्बांना राग यायचा. बाबांच्या दारात येऊनही तुम्हाला आमदारच दिसतो का, असे ते मोठ्याने म्हणत.

अब्बा २०१६ मध्ये गेले. त्यांना मातीही त्याच कब्रस्तानात मिळाली ज्याचे कागद ते वाहत होते. मय्यतीच्या वेळी पहिला खांदा द्यायला १९९८ चे ते नवे सदर पुढे आले. तेही आता थकले होते.

परवा पुतण्याने पेटीतला एकेक कागद मोबाईलवर टिपला. सरकारच्या उमीद नावाच्या पोर्टलवर ते चढवायचे होते. गावात नेटवर्क कमी, म्हणून तो गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ बसला, आम्ही खाली बसून कागद हातात देत होतो. दादामियाँचे वळणदार अक्षर बघून तो थांबला. "हे कुणी लिहिलं, चाचा?" आम्ही सांगितले. मग अब्बांचे तीन एसटी तिकीटही त्यात सापडले, धर्मादाय कार्यालयाच्या पोचपावतीला टाचलेले. ते त्याने वेगळे काढून ठेवले नाही, होते तिथेच राहू दिले.

मध्येच इशाची अजान झाली. फाईल अर्धीच चढली होती. मोबाईल टाकीवर तसाच ठेवून तो वजूला उतरला. नमाजनंतर पाहिले तर काम झाले होते. नंबर आला होता. तो त्याने एका कोऱ्या कागदावर लिहिला, तारीख घातली, खाली आपली सही केली आणि कागद पेटीत सर्वांत वर ठेवला. झाकण लावून सुतळी ओढली आणि दोन गाठी मारल्या.

"एक पुरली असती," आम्ही म्हणालो.

"असू द्या," तो म्हणाला.