पाण्याची रेघ

कुरुंदा हे माझं आजोळ. हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात. तिकडे विहीर खणली की काळ्या दगडांच्या ढिगात कधी कधी पांढरे चकाकणारे खडे दिसतात. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून पाणी झिरपत राहिलं आणि जाताना आपल्यात विरघळलेलं सगळं मागे ठेवून गेलं. गारगोटी, कॅल्साइट, झिओलाइट... विहीर कोरडी निघाली तरी दगड सांगतो, इथून पाणी गेलंय.

आकाशातून पडणारे काही दगडही हेच सांगतात. ६ जून २०१७ ला जयपूरजवळ मुकुंदपुरा इथे एक उल्का पडली. काळीकुट्ट आणि ठिसूळ. तिच्यात चिकणमातीसारखी खनिजं सापडली, आणि ती पाण्यावाचून तयार होत नाहीत. म्हणजे ती ज्या लघुग्रहाचा तुकडा, त्याच्या पोटात कधी काळी पाणी होतं! सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी, सूर्यमाला नुकतीच जन्मली तेव्हा, किरणोत्सारी अ‍ॅल्युमिनियमच्या उष्णतेने तिथला बर्फ वितळला आणि ते पाणी दगडात मुरलं.

पण खरी गंमत बेन्नूची. या लघुग्रहावरची १२१.६ ग्रॅम दगडमाती घेऊन नासाची कुपी २४ सप्टेंबर २०२३ ला यूटाच्या वाळवंटात उतरली. जानेवारी २०२५ मध्ये निष्कर्ष आले. त्या मातीत साधं मीठ होतं, आणि ट्रोना नावाचा सोड्याचा क्षारही. खारं पाणी हळूहळू आटत गेलं की हे क्षार एकामागून एक खाली बसतात. सोबत, सजीवांची प्रथिनं ज्या वीस अमिनो आम्लांपासून बनतात त्यांतली चौदा सापडली. जीव नाही सापडला, पण त्याचं बरंचसं सामान एका आटत्या खाऱ्या पाण्याच्या शेजारी मिळालं.

ट्रोना हे नाव परकं वाटेल, पण तो आपल्या पापडखाराचा सख्खा भाऊ. कुरुंद्यापासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर लोणार आहे. तिथल्या सरोवरातून पूर्वी असे क्षार काढत, आणि त्यांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावं होती. लोणारचं विवर उल्केने केलं, पण हे क्षार काही तिने आणले नाहीत. विवरात साठलेलं पाणी उन्हात आटून ते बनले. तीच रीत बेन्नूच्या मूळ लघुग्रहावर, फक्त जमिनीच्या पोटात.

मग एवढ्या लांब यान कशाला पाठवायचं? उल्का तर आपणहून पडतात. कारण असं की हे क्षार फार नाजूक. उल्का इथे पडली की दव, पाऊस, नुसती दमट हवाही ते विरघळवून टाकते. जुन्या पाण्याचा पुरावा नवं पाणी पुसतं. म्हणून बेन्नूची माती नायट्रोजनमध्ये ठेवलीय, आपल्या हवेचा वारासुद्धा न लागू देता.

हे मी मामीला फोनवर सांगत होतो. तिला समजावून सांगावं लागलं नाही. जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात पुराचं पाणी शिरलं होतं. घरातली हळद भिजली, धान्य गेलं. पाणी ओसरल्यावर भिंतीवर गाळाची रेघ उरली. सगळे बादल्या घेऊन घर धुवायला उठले, पण त्या एका भिंतीला मामीने कोणाला हात लावू दिला नाही. "आधी पंचनामा होऊ द्या. पाणी कुठवर आलतं, ते उद्या कुणाला खरं वाटायचं नाही." नुकसानीचा सगळा हिशेब त्या रेघेवर होता. दोन दिवस घरात चिखलाचा वास होता, पण रेघ राहिली.

नायट्रोजनचं ऐकून मामी हसली. म्हणाली, "म्हंजे त्यांनी बी पंचनाम्याआधी भिंत धुऊ दिली नाही, असं म्हण की!"